मध्यम लहरींचा निर्णय श्रोत्यांना विचारून व्हावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील (मीडियम वेव्ह) जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करावेत आणि त्यांची जागा एफएमने घ्यावी, असे धोरण गेली काही वर्षे देशभर राबवले जात आहे. या विषयावर जे छापून येते ते बहुधा यंत्रसामग्रीचे वय, विजेचा खर्च आणि मोबाइलवरील ॲप यांच्यापुरते असते. ज्या जिल्ह्यांच्या गावी ही केंद्रे उभी राहिली, तिथल्या श्रोत्यांचे म्हणणे त्यात क्वचितच येते. मी सांगली केंद्राचा पन्नास वर्षांहून अधिक काळचा श्रोता आहे आणि माझे म्हणणे एवढेच आहे, की छोट्या गावच्या केंद्राचा विचार करताना त्याच्या लहरी आणि त्याचे स्थानिक कार्यक्रम यांचा एकत्रच विचार झाला पाहिजे आणि तो निर्णय श्रोत्यांना विचारून झाला पाहिजे.

सांगलीला आकाशवाणी केंद्र १९६३ साली आले. त्याचे महत्त्व आजच्या वाचकाला सहज कळणार नाही, म्हणून थोडे मागे जातो. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ अशी सहा केंद्रे आली. मराठी मुलखात त्यांतले एकच, मुंबईचे. ते २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले होते. सांगलीत कृष्णेवर १९२९ साली बांधलेला जो पूल आज महापुराची पातळी सांगणारा म्हणून महाराष्ट्रभर ठाऊक आहे, त्यालाही याच आयर्विन यांचे नाव आहे. पुढे १९४८ साली नागपूर आणि १९५३ साली पुणे केंद्र सुरू झाले. म्हणजे पंधरा-सोळा वर्षे मराठी रेडिओ हा मुंबई, नागपूर, पुणे या मोठ्या शहरांचाच आवाज होता. त्यानंतर सांगली, मग १९६८ साली परभणी आणि सत्तरच्या दशकात जळगाव व रत्नागिरी अशी केंद्रे झाली, तेव्हा कुठे कृष्णाकाठ, गोदाकाठ, खानदेश आणि कोकण यांना आपापल्या बोलीचा आणि आपापल्या पिकांचा रेडिओ मिळाला.

या चारही केंद्रांच्या रेडिओलहरींचे आकडे जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ असतात. सांगली १२५१ किलोहर्ट्झ, परभणी १३०५, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३. हे सगळे आकडे नऊने भागले जातात, आणि तो योगायोग नाही. १९७५ साली जिनिव्हाला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्या भागातील मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठरले आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आले. सांगलीची लहर मीटरमध्ये मोजली तर सुमारे २४० मीटर लांबीची. निवेदक प्रसारणाच्या प्रत्येक सभेच्या आरंभी मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही सांगत, आणि आमच्या घरी ते ऐकल्यावरच काटा नीट जुळला अशी खात्री पटत असे.

आकड्यांचा हा तपशील सांगण्यामागे कारण आहे. मध्यम लहर जमिनीला धरून चालते. प्रक्षेपकाचा उंच मनोरा हाच तिचा आकाशक, म्हणजे अँटेना, असतो आणि त्याच्या पायाभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पुरलेल्या असतात. जमीन ओलसर असेल तर लहर अधिक दूर जाते. डोंगराच्या आड, दरीत, उसाच्या फडात, घराच्या आतल्या खोलीत ती पोहोचते. एफएमच्या लहरींचे तसे नाही. त्या साधारण सरळ रेषेत जातात. मनोरा दिसतो तिथवर त्यांचा आवाज उत्तम आणि डोंगर आडवा आला की तो तुटतो. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत त्या बऱ्या ऐकू येतात. शिराळा तालुक्यात वारणेच्या खोऱ्यात वर चांदोलीकडे जाताना, किंवा सातारा जिल्ह्यात पाटणच्या पश्चिमेला, एका डोंगरापलीकडे एफएम कसे नाहीसे होते हे गाडीत रेडिओ लावणाऱ्या कोणालाही सांगता येईल. सांगलीचा प्रक्षेपक २० किलोवॅटचा. त्याच्या जोरावर दिवसाउजेडी केवळ सांगली जिल्हाच नव्हे, तर कोल्हापूर, सातारा, सोलापूरचा पश्चिम भाग आणि सीमेपलीकडची निपाणी, चिकोडी, अथणीकडची मराठी घरेही हे केंद्र ऐकत. राज्यांच्या सीमा ठरल्या, त्यावर आंदोलने झाली, खटले झाले. त्या घरांमधला सकाळचा मराठी आवाज मात्र मध्यम लहरीने कधी तोडला नाही.

मध्यम लहरींचे दोषही मला ठाऊक आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यावरचे संगीत एफएमइतके स्वच्छ येत नाही. घरोघरी एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर आल्यापासून त्यांची खरखर रेडिओत शिरते. सूर्य मावळला, की वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन दूरदूरची केंद्रे एकमेकांवर येतात. प्रक्षेपकाला वीजही खूप लागते, कारण निवेदक बोलत असो वा क्षणभर थांबलेला असो, आवाज वाहून नेणारी वाहक लहर सारख्याच शक्तीने चालू ठेवावी लागते. सुटे भाग मिळत नाहीत, ही तंत्रज्ञांची तक्रारही खरी असणार. या सगळ्याचा हिशेब व्हायलाच हवा. फक्त हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय लिहायचे, ते त्या बाजूच्या लोकांना विचारून लिहावे.

ती दुसरी बाजू म्हणजे कार्यक्रम. जिल्हा केंद्राचा दिवस तीन सभांचा असे. सकाळी संकेतधून वाजे. ही धून व्हाल्टर काउफमान या युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराने बांधली. तंबोऱ्याच्या साथीवरचे ते व्हायोलिन ऐकूनच आमच्या गल्लीतल्या चुली पेटत. मग वंदे मातरम्, भक्तिगीते, चिंतन, शेतकऱ्यांना सूचना. संस्कृत बातम्या दिल्लीहून, ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून, साडेआठच्या मराठी बातम्या पुन्हा दिल्लीहून, संध्याकाळी सातच्या मुंबईहून. या बातम्यांच्या अधेमधे जे उरे ते सांगलीचे स्वतःचे, आणि त्या उरलेल्या वेळातच केंद्राचा खरा जीव होता. बाजारभाव, स्त्रियांसाठीचे कार्यक्रम, युववाणी, मुलांचे कार्यक्रम, श्रुतिका, नभोनाट्य, स्थानिक गायक-वादकांची सभा, आणि संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम.

सांगलीच्या बाजारपेठेतले हळदीचे आणि गुळाचे भाव आम्ही रेडिओवर ऐकत असू. माझे वडील हळद आणि ऊस करत. त्या काळी भाव कळण्याचे दुसरे साधन म्हणजे बाजारातून परत आलेला गाडीवान. व्यापारी गावात येऊन जो भाव सांगे त्याच्यापुढे शेतकऱ्याजवळ बोलायला काही नसे. संध्याकाळी रेडिओने एक आकडा सांगितला, की दुसऱ्या दिवशी त्या बोलण्यात शेतकऱ्याची बाजू थोडी तरी सावरलेली असे. आमच्या वडिलांनी वहीत तारखेवार भाव लिहून ठेवले होते. ती वही अजून आहे.

सत्तरच्या दशकात एका वर्षी आमच्या हळदीला कंदकुज लागली. पाने पिवळी पडत चालली होती आणि कंद हातात घेतला तर मऊ लागे. वडिलांनी आकाशवाणीला पोस्टकार्ड लिहिले. दोन-तीन आठवड्यांनी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात पत्रोत्तरे झाली तेव्हा निवेदकाने आमच्या गावाचे नाव उच्चारले, वडिलांचे पत्र वाचले आणि हळदीतल्या एका जाणकाराने उत्तर दिले: पाणी साचू देऊ नका, चर काढा, रोगट गड्डे उपटून दूर टाका, बोर्डो मिश्रणाची आळवणी करा, आणि पुढच्या वर्षी बेणे निवडून, प्रक्रिया करूनच लावा. त्या संध्याकाळी पारावर जे दहा-बारा जण बसले होते, त्यांतल्या सहा-सात जणांच्या हळदीला तोच रोग होता आणि त्यांपैकी कोणी पत्र लिहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या शेतात चर निघाले. कसबे डिग्रजला हळदीवर संशोधन चालते हे आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना त्या संध्याकाळी प्रथम कळले. एका पोस्टकार्डाने एवढे घडले, कारण उत्तर देणारा माणूस आमच्या जिल्ह्यातली जमीन, पाऊस आणि हळदीची जात ओळखणारा होता.

या अनुभवाला मोठ्या अभ्यासाचाही आधार आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकरी मंडळांचा एक प्रयोग झाला. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे आणि त्यांतली दीडशे गावे निवडली गेली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ असे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे वीस कार्यक्रम त्यांनी एकत्र बसून ऐकले, ऐकून झाल्यावर चर्चा केली आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राकडे कळवले. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी त्याचा अहवाल लिहिला, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने गावोगाव फिरून तपासणी केली. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते. निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळे असलेल्या गावांत शेतीविषयक माहिती झपाट्याने वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढा फरक पडला नाही. सांगली जिल्हा तेव्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जाई, आणि तो या प्रयोगातून थोडक्यात राहून गेला. पण त्यानंतर सात वर्षांनी सांगलीला स्वतःचे केंद्र मिळाले, आणि पत्र लिहिणारा शेतकरी व उत्तर देणारे केंद्र हे नाते इथे अनेक वर्षे टिकले. दूरवरून आलेला आवाज नुसता कानावर पडून उपयोग होत नाही, त्या आवाजाला आपला प्रश्न परत ऐकू गेला पाहिजे, हे त्या दीडशे गावांनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. तमिळनाडूत तंजावरकडे रेडिओवरून प्रसार झालेल्या भाताच्या एका जातीला शेतकरी ‘रेडिओ भात’च म्हणू लागले होते. आज प्रसारणाचे धोरण ठरवणाऱ्यांनी हे सारे पुन्हा एकदा वाचावे.

शेतीइतकेच कलेविषयी सांगण्यासारखे आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी पहिला मराठी नाट्यप्रयोग केला, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. शेजारच्या मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे आणि तंबोरे व सतारी घडवणाऱ्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. जत, आटपाडीकडे धनगरी ओव्या आणि गजीनृत्य आहे, शाहिरांची कवने आहेत, भेदिकाची, म्हणजे सवाल-जवाबाच्या शाहिरीची, परंपरा आहे. या सगळ्यांना एकत्र येण्यासाठी जिल्ह्यात आकाशवाणीच्या स्टुडिओसारखी दुसरी जागा नव्हती. आकाशवाणीची स्वरचाचणी उत्तीर्ण होऊन ‘बी’ श्रेणी मिळाली, की गावाकडच्या गायकाला वर्षातून ठरावीक वेळा बोलावणे येई, करारपत्र येई, मानधन मिळे. मानधनाची रक्कम लहान असे; पण ‘आकाशवाणी कलाकार’ हे दोन शब्द लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत लोक अभिमानाने लिहीत. नभोनाट्यात आवाज देणारे शिक्षक, कारकून, वकील, गृहिणी हे सगळे आसपासचेच. रात्री नाटक ऐकताना ‘हा आपल्या शाळेतल्या गुरुजींचा आवाज’ असे कोणीतरी म्हणे आणि मग नाटक अधिक जवळचे होई. मोठ्या शहरातल्या केंद्राकडून ही जवळीक मिळणे शक्य नव्हते, आणि तिथल्या स्वरचाचणीसाठी आटपाडीचा ओवीकार कधी गेलाही नसता.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, ती म्हणजे आपत्ती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. आम्ही सगळे अंगणात घोंगडी पांघरून बसलो होतो आणि नदीकाठचे गाव असल्यामुळे सगळ्यांच्या मनात धरणाची धास्ती होती. गावातला एकमेव चांगला रेडिओ ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीवर सकाळच्या बातम्यांसाठी अर्धे गाव जमले. धरण सुरक्षित असल्याचे ऐकेपर्यंत बायका घरात शिरल्या नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तसे झाले नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे चोहोबाजूंनी वेढली गेली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. वीज दुसऱ्याच दिवशी बंद झाली होती, मोबाइलचे मनोरे एकेक करून थांबले, आणि ज्यांच्या फोनमध्ये थोडा जीव होता त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवर आलेल्या बातम्यांतली कोणती खरी हे कळायला मार्ग नव्हता. कोणत्या गावाला बोट निघाली, कोणता रस्ता चालू आहे, धरणातून किती पाणी सोडले आणि ते आपल्याकडे कधी पोहोचेल, छावणी कुठे आहे, एवढेच आम्हाला हवे होते. दोन पेन्सिल सेलवर कित्येक दिवस चालणारा ट्रान्झिस्टर अशाच वेळेसाठी असतो. आमच्या घरातला ट्रान्झिस्टर माळ्यावर होता. काढला तेव्हा सेल आत गळून पट्ट्या गंजलेल्या होत्या. त्याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही. केंद्र टिकावे असे म्हणणाऱ्या श्रोत्याने घरात चालू स्थितीतला रेडिओ ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि ते मी पाळले नव्हते. तेव्हापासून आमच्या घरात एक संच कायम चालू असतो आणि दर पावसाळ्याच्या आधी मी त्याचे सेल बदलतो.

या अनुभवानंतर ‘आता सगळे मोबाइलवर ऐकता येते’ हे वाक्य मला पटत नाही. ॲपवर केंद्र ऐकण्यासाठी वीज हवी, मनोरा हवा, डेटा हवा. महापुरात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जातात. फोनमधल्या एफएमला इयरफोनची तार आकाशक म्हणून लागते आणि अनेक नव्या फोनमध्ये ती सोयच नसते. मध्यम लहरी पकडणारा मोबाइल तर बाजारात मिळत नाही. म्हणून आपत्तीच्या दृष्टीने विचार करताना एफएम, ॲप आणि मध्यम लहर यांपैकी एक निवडून बाकीचे सोडून देणे चुकीचे आहे. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला जे लागेल, ते चालू असले पाहिजे.

एफएमच्या विस्ताराला माझा विरोध नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांहून अधिक रकमेची योजना मंजूर केली आणि तीत एफएमची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. हे चांगलेच झाले. पण शंभर वॅटचा एफएम प्रक्षेपक आणि २० किलोवॅटचे मध्यम लहरींचे केंद्र यांची तुलना होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा प्रक्षेपक बहुधा दुसरीकडचा कार्यक्रम फक्त पुढे पाठवतो. त्याला स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, पत्रांना उत्तर देणारे कोणी नसते. गावात मनोरा आला म्हणजे केंद्र आले असे नाही. उलट, केंद्राच्या इमारतीवर पाटी कायम राहिली आणि आतले स्थानिक कार्यक्रम एकेक करून सहक्षेपणात, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम तसाच लावण्यात, विरून गेले, तर ते केंद्रही केवळ प्रक्षेपकच होऊन बसते. ठिकठिकाणच्या छोट्या केंद्रांवर हेच घडताना श्रोते म्हणून आम्ही ऐकत आहोत. जुने कार्यक्रम अधिकारी निवृत्त होतात, त्यांची जागा भरली जात नाही, नैमित्तिक निवेदकांवर सभा चालतात, आणि ज्या वेळी पूर्वी जिल्ह्यातला शेतकरी बोलत असे त्या वेळी आता राजधानीहून आलेला कार्यक्रम लागतो. ८० टक्के लोकसंख्येपर्यंत लहर पोहोचली असे उद्या सांगितले जाईल. त्या लहरीवर त्या त्या जिल्ह्याचे किती तास होते, हा आकडाही त्याच्या शेजारी छापला जावा.

आकाशवाणी ज्या प्रसारभारतीच्या अखत्यारीत येते तिचा कायदा १९९० सालचा असून तो १९९७ मध्ये अमलात आला. त्यात शिक्षण, शेती, ग्रामविकास, आरोग्य यांकडे विशेष लक्ष देणे आणि देशातील निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान देणे ही कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. ती पार पाडायची तर जिल्हा केंद्रांसारखी तयार यंत्रणा दुसरी नाही. आज शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामानाचे संदेश येतात हे मान्य. पण ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावच्या द्राक्षबागेवर ढग आले, की रोग डाऊनी की भुरी, फवारणी आज की उद्या, याचे उत्तर तिथल्या बागा पाहिलेल्या माणसाकडूनच मिळावे लागते. जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या घरांना त्यांच्या भाषेत चार शब्द, आटपाडीच्या मेंढपाळाला चाऱ्याची खबर, शिराळ्याच्या भात पिकवणाऱ्याला करप्यावरचा उपाय, हे सगळे दिल्ली-मुंबईच्या वेळापत्रकात बसणारे नाही.

जुन्या ध्वनिफितींचीही मला काळजी वाटते. आकाशवाणीत फितींचा तुटवडा असे तेव्हा प्रसारण झाल्यावर फीत पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे जे उरले ते मुळातच थोडे. उरलेल्या फितींवरचा चुंबकीय लेप कालांतराने सुटतो, दमट हवेत बुरशी धरतो, आणि त्या वाजवणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणे जतन होतील, त्यांचे चाहते ती काळजी घेतील. पण १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जिल्हा केंद्रांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, जात्यावरची गाणी, शाहिरी, त्या त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती यांना कोणी वाली नाही. या भागात प्रतिसरकारचा इतिहास घडला. त्यातली माणसे आता उरली नाहीत. कुठल्या कपाटात त्यांचा आवाज असेल तर तो अंकीय स्वरूपात उतरवण्याचे काम याच दोन-चार वर्षांत झाले पाहिजे. जिल्ह्यातली महाविद्यालये आणि वाचनालये त्यासाठी मनुष्यबळ देऊ शकतील. त्यांना फक्त कोणीतरी विचारायला हवे.

तेव्हा आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांना विनंती आहे, की ज्या जिल्हा केंद्रांच्या मध्यम लहरी आज चालू आहेत, त्यांच्याबाबत निर्णय घेण्यापूर्वी डोंगराळ आणि नदीकाठच्या गावांत प्रत्यक्ष रेडिओ लावून एफएम कुठे पोहोचते आणि कुठे नाही याची मोजणी करावी आणि ती जाहीर करावी. जिथे त्या थांबल्या आहेत तिथे पावसाळ्यापुरती तरी दुसरी कोणती सोय केली आहे, ते लोकांना सांगावे. प्रत्येक केंद्राचे दररोजचे स्थानिक तास ठरवून द्यावेत, ते सहक्षेपणाने भरू नयेत, आणि पत्रोत्तरांसाठी, मग पत्र पोस्टकार्डावर येवो वा मोबाइलवर, आठवड्यातून एक ठरलेली वेळ असावी. महापुराच्या काळात जिल्हा प्रशासनाची अधिकृत माहिती दर तासाला केंद्रावरून दिली जावी, आणि ती वेळ व लहर पावसाळ्याआधीच ग्रामपंचायतींच्या फलकांवर लिहिली जावी.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमाभागातल्या वाचकांनाही माझे सांगणे आहे. आपल्या घरी जुने पोस्टकार्ड, करारपत्र, आकाशवाणीने पाठवलेले उत्तर, पोस्टात भरलेल्या रेडिओ परवान्याचे पुस्तक असे काही असेल तर ते टाकू नये. जवळच्या वाचनालयाला द्यावे किंवा निदान त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. माझ्या वडिलांची भाव लिहिलेली वही आमच्या गावच्या वाचनालयाला देण्याचे मी ठरवले आहे.

आपला,
एक श्रोता
ता. पलूस, जि. सांगली